धुरपदाची झोप

फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका. मोजणारे केव्हाच गेले. सातधोंडीच्या शिवारात तेव्हाही ज्वारीच होती, ज्वारीवर तेव्हाही भोरड्या येत होत्या, आणि गावाच्या भाकरीची सगळी राखण एका बाईच्या डोळ्यांवर होती. तिचं नाव धुरपदा.

भोरड्या ठाऊक आहेत ना? गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची, मैनेएवढी पाखरं. थंडीच्या तोंडावर कुठल्या कुठल्या मुलखातून डोंगर ओलांडून येतात. एखादी आली तर कौतुकच वाटावं. पण एखादी कसली येते! थवाच्या थवा उतरतो, आणि कलकलाट असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. कणसं भरलेली असली की घटकाभरात शेत बोडकं करून जातात.

म्हणून शिवाराच्या मधोमध माळा बांधलेला असे. चार मेढी, वर फळ्या, त्यावर कडब्याचं छप्पर. सगळ्या गावाचा मिळून एकच राखण्या तिथे बसायचा. दिवसा भोरड्या, रात्री रानडुकरं. गोफण फिरवायची, घसा फोडून ओरडायचं आणि डोळा लागू द्यायचा नाही. भाकरी घराघरातून पाळीनं यायची. राखण्याची पाळी मात्र कधी बदलत नसे.

हा राखण्या निवडायची एक रीत होती. कार्तिकातल्या अवसेला, दिवस मावळून अंधार पडला की गाव माळ्याखाली जमायचं. पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका वर आलेला असायचा. पाटील एकेकाला पुढे बोलावून विचारायचा, "किती?" चांगल्या डोळ्यांना त्यात सहा चांदण्या दिसतात. सातवी इतकी फिकी, की थेट पाहिलं तर विझते आणि जरा बाजूला पाहिलं तर लुकलुकते. ज्याला सातवी दिसते त्याला दोन कोसांवरचा थवाही दिसतो, असं म्हणतात. जो "सात" म्हणेल त्यानं माळ्यावर चढायचं, आणि दुसरा कुणी "सात" म्हणेपर्यंत उतरायचं नाही.

आता तुम्हीच सांगा, कोण शहाणा सात म्हणेल?

जुना राखण्या माळ्यावरच मेला. त्या वर्षी अख्खं गाव माना वर करून उभं होतं आणि अख्ख्या गावाला सहाच दिसत होत्या. धुरपदाचा थोरला भाऊ हैबती पुढे आला. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. त्यानं बराच वेळ वर पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि म्हणाला, "सहा."

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, "अगं बाई, सात की!"

धुरपदाच ती. नवरा वारल्यावर माहेरी येऊन राहिलेली. तिला कुणी विचारलंही नव्हतं. एरवी बाईमाणूस म्हणून नाकं मुरडणारे त्या दिवशी अगदी चिडीचूप झाले. पाटील म्हणाला, "चढ बाई."

आणि धुरपदा चढली.

पुढची वर्षं एकसारखीच गेली. असं म्हणतात, तिच्या गोफणीचा गुंडा पाखराच्या पंखाला वारा घालून जाई, पण पाखराला कधी लागला नाही. असं म्हणतात, रात्री डोक्यावरून जाणारी बारकी बारकी पाखरं अंधारात एकमेकांना हाका मारत, त्या हाका तिला ओळखू येत. सकाळी ती सांगायची, "राती धोबी आले गं," आणि बायका पाण्याला गेल्या की ओढ्याच्या काठानं शेपूट हलवत धोबी पक्षी खरंच चालत असत. दर कार्तिकात गाव जमायचं. सहा, सहा, सहा. ती वर बसून ऐकायची.

अशी चाळीस वर्षं. धुरपदा दमली होती. हाडं दमली होती, गळा दमला होता. तिला देवाकडे दुसरं काही मागायचं नव्हतं. एक झोप हवी होती. आडवं व्हावं आणि कुणी हाक मारू नये, एवढंच.

मग डोळे गेले. एका कार्तिकात तिनं नेहमीसारखं जरा बाजूला पाहिलं, तर सातवी नव्हती. पुढच्या वर्षी चारच उरल्या, त्याच्या पुढच्या वर्षी नुसता चुन्याचा डाग. ती कुणाला बोलली नाही. बोलून करणार काय? दुसरा कुणी चढणार नव्हता आणि शिवार तर उघडं पडलं असतं. पाटलानं खालून विचारलं, की ती वरून "सात" म्हणायची. थवा आता तिला दिसत नसे, पण पंखांचा सूं सूं आवाज कोसावरून कळे. कानांवर राखण चालली होती.

अशाच एका माघात संध्याकाळची भाकरी हैबतीच्या घरची होती. म्हातारा स्वतःच घेऊन आला, धापा टाकत शिडी चढला. धुरपदानं हात पुढे केला तो भाकरीच्या वीतभर पलीकडे.

"धुरपे, दिसंना व्हय तुला?"

"ऐकू येतं की."

हैबती तिथेच बसला. कणसांत दाणा टच्च भरला होता. चांदण्या उगवल्या तरी तो उठेना. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "त्या अवसेला मला सात दिसत व्हत्या गं."

"ठावं हाय मला."

"ठावं हाय?"

"ल्हानपणी खांद्यावर घिऊन सातवी मला कुणी दावली? तूच न्हवं? जरा बाजूला बघ, म्हनालास."

"मग चाळीस वरसं बोलली न्हाईस ती?"

"मला वाटलं, लगनाच्या गडबडीत इसरलास. तुला आठवावी म्हनून तर मी मोठ्यांदा म्हनले."

हैबती लहान पोरासारखा रडला. बराच वेळ रडला. धुरपदानं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "पुरं आता, दादा. वर बघ. किती?"

म्हाताऱ्याचे डोळे पाण्यानं भरलेले. त्याला काय दिसलं असेल, देव जाणे. पण तो म्हणाला, "सात."

"मग मी निजते." तिनं चाचपडत गोफण त्याच्या हातात दिली आणि फळीवर अंग टाकलं. दुसरा श्वास घ्यायच्या आत तिला झोप लागली.

पहाट फुटली आणि वरच्या अंगानं थवा आला. एवढा थवा गावानं कधी पाहिला नव्हता. हैबती उठला, गोफणीत गुंडा घातला, हात वर नेला. आणि त्याची नजर खाली गेली. धुरपदा तोंड जरासं उघडं टाकून निजली होती. गोफणीचा कडाका झाला असता की ती ताडकन उठली असती; चाळीस वर्षं तेच केलं होतं तिनं. एका बाजूला गावाची ज्वारी, एका बाजूला बहिणीची झोप. हैबतीचा हात तसाच वर राहिला.

थाळ्या बडवायला लोक धावत आले. पाहतात तो माळ्यावर हैबती, ओठांवर बोट ठेवून. सगळ्यांची पावलं थांबली. काय झालं ते कुणाला सांगावं लागलं नाही. त्यांतल्या किती जणांना सात दिसत होत्या, ते ज्याचं त्याला माहीत होतं. थाळ्या खाली ठेवून सगळे बांधावर बसले.

थवा उतरला. कणसाकणसावर भोरडी बसली. आणि असं म्हणतात, त्या हजारो भोरड्यांतली एकसुद्धा बोलली नाही.

असंही म्हणतात, की त्यांनी एक दाणा टिपला नाही. मला विचाराल तर टिपला असणार. पाखरं ती, एवढं उडून आलेली, त्यांनाही भूक असते. पण टिपला तो मुकाट्यानं. त्या वर्षी गावानं अंबाडीच्या भाजीवर दिवस काढले आणि हैबतीला कुणी शब्दानं बोललं नाही.

धुरपदा पुन्हा उठलीच नाही, असं काहीजण म्हणतात. तिसऱ्या दिवशी उठली आणि गरम भाकरी मागितली, असं आमच्या घरी सांगत, म्हणून मीही तेच सांगतो.

आज सातधोंडीला हमरस्त्याचे दिवे आले. पुंजका धड दिसत नाही, सहासुद्धा मोजता येत नाहीत. तरी कार्तिकातल्या अवसेला गाव माळ्याखाली जमतं. सरपंच एकेकाला विचारतो, "किती?" सुना, म्हातारे, शाळेचे मास्तर, मोतीबिंदू झालेली आजीसुद्धा, सगळे एकच सांगतात, "सात." मग राखणीच्या पाळ्या लावतात. एकानं एक दिवस, की उतरायचं.

आणि माघात कणसं भरली की एक सकाळ तिथे गोफण फिरत नाही. डबे वाजत नाहीत, पंप चालत नाही. भोरड्या येतात, काय खायचं ते खातात आणि जातात. कुणी परका पाव्हणा मोठ्यानं बोललाच, तर बांधावरचं कुणीतरी ओठांवर बोट ठेवतं आणि हळूच सांगतं, "जरा दमानं. धुरपदा निजलीय."