निकुंभांचं पूर्णान्न

"पण बाबा, एकच सांगायचं झालं तर कोणतं?"

सोमगिरी बाबांनी हातातली अंबाडीची जुडी खाली ठेवली. सकाळपासून हा प्रश्न त्यांच्या मागे मागे हिंडत होता. आधी नदीवर, मग गोठ्यात आणि आता स्वयंपाकघराच्या दारात.

"कोणतं म्हणजे काय?"

"अन्न, बाबा. सगळी जीवनसत्त्वं ज्यात आहेत असं एकच अन्न. ते धरलं की बाकीच्यांत जीव अडकायला नको. मन साधनेला मोकळं."

"भूक लागली की पंगतीत येऊन बस. मन मोकळंच आहे."

"तसं नव्हे, बाबा..."

बाबांनी डोळे मिटून घेतले. ध्यान लागलं म्हणून नव्हे. समोर बसलेल्याच्या डोक्यात जुडी घालावीशी वाटत होती म्हणून.

तापीकाठच्या त्या लहानशा मठात निकुंभ दीक्षा घ्यायला येऊन राहिले होते. त्याआधी ते कुठल्याशा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. माणूस हुशार, मनानं निर्मळ, पाठांतर दांडगं. कोणतं जीवनसत्त्व कशात असतं, कमी पडलं तर काय होतं, सारं तोंडपाठ. फक्त जेवायचे नाहीत.

आल्या आल्या त्यांनी गाजर धरलं. सकाळी गाजर, दुपारी गाजर, संध्याकाळी गाजराचा रस. हळूहळू तळहात पिवळे झाले, नाकाचा शेंडा पिवळा झाला. तपाचं तेज चढलं म्हणून गावातल्या म्हाताऱ्या वाकून पाया पडू लागल्या आणि निकुंभही पडू देऊ लागले.

बाबांनी एकदाच विचारलं होतं, "हळद लागली वाटतं. मुलगी कुठली?"

मग गाजर सुटलं आणि दूध आलं. नुसतं दूध, दुसरं काही नाही. दूध म्हणजे पूर्णान्न, असं निकुंभ येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत. सांगायची हातोटी अशी, की ऐकणाऱ्याला घरी जाऊन भाकरीची लाज वाटावी. बाबांच्या तोंडूनही तेच वदवून घ्यायचं तेवढं उरलं होतं.

आणि आता त्यांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. दंडावर, पोटरीवर उगाचच काळेनिळे डाग उमटत होते.

बाबांनी डोळे उघडले.

"निकुंभ, हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर डाग पडले, तर काय कमी पडलं म्हणायचं?"

"क जीवनसत्त्व," निकुंभ तत्काळ म्हणाले. "लिंबू, आवळा, पेरू, कच्च्या पालेभाज्या..."

"मग?"

"माझं तसं नाही, बाबा. माझी शुद्धी चालली आहे."

बाबांनी जुडी उचलली आणि ते आत निघून गेले. आतून बराच वेळ पातेल्यांचा आवाज येत राहिला.

त्याच संध्याकाळी आरतीला मंजुळा पडली.

मंजुळा ही गावातल्या द्वारकाबाईंची सून. दिवस भरत आलेले. टाळ्या वाजवता वाजवता ती खांबाला टेकली आणि तिथूनच घसरत खाली आली. ओठ पांढरेफटक. द्वारकाबाईंनी हंबरडा फोडला. कुणाची तरी जीप मिळाली, तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. बाबा ड्रायव्हरशेजारी बसून गेले. वाटभर त्यांनी नाव घेतलं नाही देवाचं. मागे वळून वळून पोरीचा श्वास बघत राहिले.

डॉक्टरीणबाई तरुण होती, दिवसभराची दमलेली.

"ही खाते काय?"

"दूध," द्वारकाबाई रडत रडतही अभिमानानं म्हणाल्या. "नुसतं दूध. मठातल्या निकुंभ महाराजांनी सांगितलंय, पूर्णान्न असतं म्हणून. बाळ गोरं निघेल, हुशार निघेल..."

डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढून पाहिली. नखं पाहिली.

"अहो, पोरीच्या अंगात रक्तच नाही. दूध चांगलंच, पण जेवणाबरोबर, जेवणाच्या जागी नव्हे. औषध देते, चढवायचं ते चढवते. पण घरी गेल्यावर तिला धड जेवू घाला. भाकरी, डाळ, पालेभाजी, वर लिंबू पिळा. घरात जे शिजतं ते सगळं."

मग तिचं लक्ष भगव्या वस्त्रांकडे गेलं.

"आणि मठात तुम्ही हे शिकवता?"

उभ्या जन्मात बाबांना इतकं ओशाळं कधी वाटलं नव्हतं. हे आमच्या मठातलं नव्हे, असं म्हणता आलं असतं. पण तो माणूस मठाच्याच ओट्यावर बसून बोलत होता, आणि आपण कधी थट्टा करून, कधी चिडून उठून गेलो होतो. थांब, असं एकदाही म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परतले. पंगत उठून गेली होती. निकुंभ पायरीवर बसले होते. शेजारी दुधाचा पेला तसाच, वर साय धरलेली.

"मंजुळा...?"

"वाचली."

"आणि बाळ?"

"पोटात लाथा मारतंय. कुणाला मारायच्या आहेत ते त्याला ठाऊक असावं."

निकुंभांनी मान खाली घातली.

"गोरं होईल असं मी म्हटलं नव्हतं, बाबा."

बाबा पायरीशी वहाणा काढू लागले.

"बाकीचं म्हटलं होतं. माझं चुकलं."

त्यांचा आवाज खरोखरच फाटला होता. बाबांना वाटलं, चला, आतपर्यंत पोहोचलं. ते पायरीवर टेकले. हात निकुंभांच्या खांद्याकडे गेला.

"रात्रभर विचार केला," निकुंभ डोळे पुसत म्हणाले. "दूध नव्हे, हे कळलं. मग तिला दुधाच्या जागी नेमकं काय सांगायला हवं होतं? म्हणजे... एकच सांगायचं झालं तर..."

बाबांचा हात वाटेतच थांबला.

ते उठले. धाडधाड आत गेले. उरलं सुरलं होतं ते सगळं एका परातीत ओतून घेऊन आले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी, चिरलेला कांदा, वाटीभर दही, लिंबाच्या दोन फोडी. परात त्यांनी निकुंभांच्या पुढ्यात आदळली.

निकुंभ त्यातल्या एकेका पदार्थाकडे पाहू लागले. ओठ हलू लागले. बाबांना कळलं, हा मनात अक्षरं लावतोय. ह्याच्यात अ, त्याच्यात ब...

बाबांनी हात घातला. भाकरी कुस्करली. तिच्यावर भाजी, भाजीवर वरण, दही, कांदा, चटणी, सगळं एकत्र कालवलं. पार कोपरापर्यंत हात बरबटला. मग लिंबाच्या दोन्ही फोडी त्यावर पिळल्या.

"हं," ते धापा टाकत म्हणाले. "आता काढ यातलं एक."

निकुंभ परातीकडे बघत राहिले.

गोठ्यातली गाय तेवढी कान झाडत होती.

मग बाबांनीच मोठा घास उचलला आणि स्वतःच्या तोंडात घातला. कालपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. ते रागानं जेवत होते, मिशांना दही लागत होतं, आणि निकुंभांकडे बघतसुद्धा नव्हते.

निकुंभांनी एक घास घेतला.

लिंबू हिरड्यांना असं झोंबलं की डोळ्यांत टचकन पाणी आलं. तो घास त्यांनी गिळला. दुसरा घेतला. तिसऱ्यानंतर ते पाणी लिंबाचं राहिलं नाही. ते रडत होते आणि जेवत होते. एकाच परातीतून दोघं, दोन बाजूंनी.

परात रिकामी झाली. बाबांनी हात धुतला.

"मी उद्या निघतो, बाबा," निकुंभ खालच्या आवाजात म्हणाले. "दीक्षेला मी लायक नाही. मला जेवता येत नाही, तिथं..."

बाबा भिंतीपाशी गेले. खुंटीवरची जुनी भगवी झोळी काढली आणि निकुंभांच्या अंगावर फेकली.

निकुंभ दचकले. मठात दीक्षेची सुरुवात झोळीनं होत असे, हे त्यांना माहीत होतं. हातांत धरून ते तिच्याकडे पाहत राहिले, जणू ती दुसऱ्या कुणाची चुकून आपल्यावर पडली असावी.

"उद्या सकाळपासून भिक्षा," बाबा म्हणाले. "पहिलं दार द्वारकाबाईचं."

निकुंभांचा चेहरा उतरला.

"त्या... त्या मला काय वाढणार, बाबा? अख्ख्या गल्लीसमोर शिव्या देतील."

"देईल ना," बाबा म्हणाले. "झोळी उघडी धर."