ओल्या मोळीची थाळी

फार जुन्या काळची गोष्ट. किती जुनी, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. नदीकाठच्या एका गावात एक कुंभार राहत होता. तो मातीच्या थाळ्यांना कथलाची दुधासारखी पांढरी झिलई देई, तिच्यावर तांब्याच्या भुकटीने वेलबुट्टी काढी आणि थाळ्या पुन्हा भट्टीत घाली. त्या वेलीला सोन्याची झळाळी यावी, एवढाच त्याला ध्यास. बारा वर्षं खटपट केली, पण वेल दर वेळी हिरवीच निघे.

शेवटी त्याने ठरवलं, आता ही एकच भट्टी. नाही साधलं, तर चाक कायमचं बंद.

नेमका त्याच दिवशी त्याला सरपण आणून देणाऱ्या मोळीवाल्या आजीचा पाय नदीत घसरला आणि मोळी भिजली. भट्टी तर पेटलेली. कुंभाराने कपाळावर हात मारून तीच ओली लाकडं आत सारली. असा काही धूर झाला, की दोघांचे डोळे चुरचुरले.

दुसऱ्या दिवशी पाहतो, तर सगळ्या थाळ्या काळ्याठिक्कर!  त्या फोडायला कुंभाराने दगड उचलला.

पण पहिली थाळी लाकूड आणणाऱ्याला द्यायची, ही त्याच्या घराण्याची रीत.

"घे आजी," तो मान खाली घालून म्हणाला. "असली थाळी देताना लाज वाटते मला."

"अरे, माझ्या मोळीने घात केला, तरी माझा वाटा विसरला नाहीस! जन्मभर हातावर भाकरी घेऊन खाल्ली रे मी. देव तुझं भलं करो."

आजी थेट नदीवर गेली. नवं भांडं घासून घ्यायचं, एवढंच तिला माहीत. तिने राखेने थाळी घासली, काजळी सुटली आणि खालून वेल निघाली पिवळीधमक!

"लेकरा, दगड टाक!" ती ओरडत आली. तोवर दोन थाळ्या फुटल्याच होत्या.

थाळी पाहून कुंभाराला रडू आवरेना. बारा वर्षं तो लखलखीत जाळ घालत होता, आणि झळाळी होती धुरात. त्याने आजीच्या पायांवर डोकं ठेवलं. "तुझे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले? मी नदीत पडले, एवढंच."

"मग यापुढे मोळी भिजवूनच आणत जा!"

पुढे त्याच्या थाळ्या राजवाड्यात गेल्या. पण भट्टीतली पहिली थाळी आजीचीच राहिली, आणि कुंभार ती स्वतःच्या हाताने घासून तिला देई.

तात्पर्य : हाती आलेलं टाकून देण्याआधी कृतज्ञतेने एकदा पुसून पाहावं.