सातवी पायरी

बँडची तालीम चालू असताना दिवाणसाहेब आले की कायतान मास्तर सावध होत. बँड मोडायला दिवाणांना निमित्तच हवं होतं. आज त्यांनी मास्तरांच्या हातातला सुरांचा कागद ओढला.

"सा, ग, प, नि. एकदम वाजवायचे सूर मोजून चार, आणि या जुडग्याचं नाव काय, तर सातवी कॉर्ड! मधले तीन कोणी खाल्ले? ही लबाडी आत्ताच महाराजांच्या कानावर घालतो!"

वर ओसरीत महाराज उभेच होते. दिवाण नेहमीच्या ऐटीत, एकाआड एक पायरी गाळत, तरातरा चढले.

"दिवाणसाहेब, थांबा!" मास्तर खालून म्हणाले. "आपण कितव्या पायरीवर आहात?"

दिवाणांनी खाली पाहून मोजलं. "सातव्या. का?"

"आणि पाय टेकलात पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या पायरीवर. चारदाच! मधल्या तीन कोणी खाल्ल्या?"

महाराज खदखदून हसले. मास्तरांनी मात्र मनापासून हात जोडले. "हसू नका, सरकार. सहा महिने फळा झिजवून माझ्या वादकांना जे कळलं नाही, ते साहेबांनी चार पावलांत शिकवलं. फार उपकार झाले."

दिवाण त्या दिवसापासून एकेक पायरी चढतात. बँडवाले मात्र आधी या नव्या गुरूंना मुजरा करतात, मगच वाद्यांना हात लावतात.