हळू हाक

जंगलाला अजून कुणी नाव ठेवलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. वाघ दिसला की हुप्प्या वानर झाडावरून ओरडायचा आणि खाली हरणं पळायची.

एकदा त्याला कवडी हरिणी मगरींच्या डोहाकडे एकटीच जाताना दिसली. पाडस गेल्यापासून तिचं मन ठिकाणावर नव्हतं. हुप्प्याला एकच हाक ठाऊक, त्यानं तीच दिली. कळप चौखूर उधळला. कवडीही दचकली आणि थेट पाण्यात गेली.

हुप्प्या सरसर खाली उतरला.

काठावरच्या गव्यानं पाण्यात शिरून कवडीला बाहेर रेटलं. "कुठंय रे वाघ, माकडा?"

"वाघ नव्हता, गवादादा. हिला वाचवायला ओरडलो."

"अगं बाई! आणि आम्ही हिलाच टाकून पळालो?" परत आलेली थोरली हरिणी कवडीला चाटू लागली.

गवा म्हणाला, "पाण्याकडनं मी उभा राहतो. बायांनो, तुम्ही हिला खेटून बसा. आणि तू रे, जरा हळू ओरडायला शीक."

काही दिवसांनी कवडी पुन्हा डोहाकडे वळली. हुप्प्यानं घशातल्या घशात हाक दिली. कुणी पळालं नाही, सगळे तिच्याजवळ आले.

कवडी थांबली. "वाघ आला का?"

"नाही गं," थोरली म्हणाली, "आम्ही आलोय."