टाकलेली सोंगटी

चाकणच्या कारखान्याचे जपानी साहेब मोरी दहा वर्षांत झकास मराठी शिकले होते. दर शनिवारी दुपारी ते माजाँग या जपानी लोकांच्या आवडत्या सोंगट्यांच्या खेळाचा चौघांचा डाव मांडत. त्या शनिवारी मॅनेजर रणदिवे भलतेच रंगात होते. त्यांच्या हाताखालच्या इंजिनिअर रेवतीनं केलेला आणि जानेवारीत त्यांनी तिच्या हातात परत कोंबलेला नव्या मशीनचा आराखडा आज सकाळी स्वतःच्या नावावर मोरींपुढे ठेवला होता.

"मला आता एकच सोंगटी हवीय. कुणी टाकली की डाव माझा!" रणदिवे गरजले.

त्यांनी टाकलेल्या सोंगट्या त्यांच्यापुढे ओळीनं मांडलेल्या होत्या. रेवती त्या बघून हातातली तश्शीच सोंगटी टाकायची. शेवटपर्यंत तिनं तेच केलं आणि डाव कुणीच न जिंकता संपला.

"मॅडम, स्वतःचं डोकं चालवा की! सारखी माझीच नक्कल?" रणदिवे फणफणले.

"नियमच आहे ना साहेब," रेवती म्हणाली. "आपण एकदा टाकलेली सोंगटी दुसऱ्यानं टाकली, तर तिच्यावर डाव जिंकता येत नाही. हो ना, मोरीसान?"

मोरींनी मान डोलावली.

मग रेवतीनं पर्समधून जानेवारीतला तो आराखडा काढून पटावर पसरला. कोपऱ्यात लाल शाईनं रणदिव्यांचाच सहीनिशी शेरा होता: 'भिकार कल्पना. टाकून द्या.'