भिवाची करवंटी आणि काकीचं पान

खाडीकाठी एक गाव होतं. घड्याळं अजून तिकडे पोचायची होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या गावात भिवा नावाचा एक होडीवाला राहायचा. अंगाने दणकट, आणि तोंडाने त्याहून दणकट.

भिवा गावातले नारळ खाडीच्या मुखावरच्या बंदरात न्यायचा आणि मीठ-मसाला घेऊन परतायचा. ओहोटी लागली की निघायचा, भरती लागली की घरी. जाताना पाणी त्याच्यासोबत, येतानाही पाणी त्याच्यासोबत. यात वाईट काही नाही हो, शहाणा होडीवाला असंच करतो. पण भिवाला मोजायचा भारी नाद. त्याने नारळाच्या करवंटीला बारीक भोक पाडलं होतं. ती पाण्याच्या घमेल्यात सोडली की हळूहळू भरायची आणि घटकाभराने बुडायची. घाट सोडताना भिवा करवंटी पाण्यात ठेवी, आणि ती बुडते न बुडते तोच वाटेतली बांधाची उघाडी येई.

"घाट ते उघाडी, एका करवंटीत!" तो बंदरात दंड थोपटून सांगायचा. "आहे कुणाच्या मनगटात एवढा जोर?"

उघाडी म्हणजे काय, ते सांगतो. खाडीलगत गावाची भातशेती होती. खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा लांब बांध घातलेला आणि त्या बांधात एक लाकडी दार. ओहोटीला दार उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला बंद करायचं. त्या दाराच्या जागेला म्हणायचं उघाडी. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की तीन वर्षं तिथे भाताचं नाव काढायला नको.

त्याच गावात भागूकाकी राहायची. चार म्हशी, भाताचा एक लहानसा तुकडा आणि एक जुनी होडी, एवढाच तिचा पसारा. ती रोज बंदरात दूध पोचवायची. आता दूध काही ओहोटीची वाट बघत थांबत नाही. वेळ झाली की काकी निघायची, मग पाणी कुठेही चाललेलं असो. उघाडीपर्यंत तिला कधी एक करवंटी लागे, कधी तीन. लोकांच्या लक्षात मात्र तीनच राहत.

"काय गं काकी," भिवा छेडायचा, "पोचेपर्यंत दुधाचं दही होतं म्हणे!"

एकदा दोघं ओहोटीबरोबर शेजारी शेजारी चालले होते. काकीने घागरीच्या तोंडावरचं फणसाचं पान काढलं आणि भिवाच्या होडीच्या पुढच्या टोकापाशी पाण्यात टाकलं.

"हे पान तुझ्या होडीच्या मागच्या टोकाला लागेपर्यंत किती वल्ही मारतोस, मोज."

भिवाने हसत हसत मोजली. सहा झाली. मग काकीने दुसरं पान आपल्या होडीपुढे टाकलं. होड्या सारख्याच लांबीच्या होत्या. तिची वल्ही झाली पाच.

"काठावरचं झाड मागे पळतं ना, त्यात पाण्याचाही हात असतो रे," काकी म्हणाली. "पान पाण्यासोबतच वाहतंय. त्याला किती मागे टाकलंस, तेवढाच तुझा वेग. बाकीचा पाण्याचा."

"पानांशी शर्यत लावायचं माझं वय गेलं, काकी!" भिवा म्हणाला आणि मोठ्याने गाऊ लागला.

पुढे भाद्रपद आला. भाताचा दाणा भरत होता आणि अमावास्येचं उधाण आलं होतं. नेमकी त्याच दिवसांत उघाडीच्या दाराची फळी तडकली. पहाटे पाणी उतरलेलं असताना लोकांनी दार काढलं. भिवाने ते भरतीच्या पहिल्या पाण्यावर घाटाला आणलं, आणि गावच्या सुताराने हातातली कामं टाकून नवी फळी बसवली. दार होतं चांगलंच जड. काठच्या चिखलातून ते उचलून नेणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

"अजून चार करवंट्या वेळ आहे," सुतार म्हणाला. "मग पाणी उघाडीच्या उंबऱ्याला लागेल. नीघ बाबा लगेच."

"दादा, मला लागते एक. पाणी उलटं आहे म्हणून दोन धरा. घाई कसली?" असं म्हणून भिवा घाटावरच भाकरीचं फडकं सोडून बसला. खाताखाता चार माणसं जमली, तशी त्याने गेल्या उधाणातली आपली मर्दुमकीही सांगितली. तेवढ्यात दीड करवंटी वेळ सरला.

मग तो निघाला. पहिली करवंटी बुडाली, तरी मागे गावचा घाट स्वच्छ दिसत होता. दुसरी बुडाली, तेव्हा अर्धी वाटही सरली नव्हती. काठावर कांदळाचं एक वाकडं झाड होतं, ते काही केल्या मागे सरेना. भिवा घामाने निथळला. एक पिवळं पान पाण्यावरून वाहत आलं आणि सरसर गावाच्या दिशेने निघून गेलं. भिवा त्या पानाकडे बघत राहिला. आजवरची सगळी बढाई त्याला आठवली. तो घाबरला, खरंच घाबरला. अख्ख्या गावाचं भात त्याच्या होडीत पडलेल्या त्या दारावर अवलंबून होतं.

इतक्यात मागून वल्ह्यांचा आवाज आला. भागूकाकी दुधाच्या घागरी घेऊन त्याला गाठत होती. हाक मारावी तर उद्या गावभर हसं होणार. भिवाने एकदा दाराकडे पाहिलं.

"काकी!" तो ओरडला. "मला एकट्याला नाही गं जमत. दार पोचायला हवं."

 काकीने आपली होडी दुधासकट त्या वाकड्या कांदळाला बांधली आणि भिवाच्या होडीत येऊन दुसरं वल्हं धरलं. दोघांनी जीव तोडून वल्ही मारली.

तरी उशीर झालाच. पाणी उंबरा ओलांडून आत शिरलं होतं. दहा-बारा माणसं पेंढा आणि चिखल लावून, स्वतःच्या पाठी टेकवून ते अडवत होती. दार बसलं, पाणी थांबलं, गावाचं शेत वाचलं. फक्त उघाडीलगतचा सगळ्यात खोलगट तुकडा खाऱ्या पाण्याखाली गेला.

"कुणाचा गं तो तुकडा?" भिवाने विचारलं.

काकी लुगड्याला लागलेला चिखल निपटत होती. "माझा," ती म्हणाली. त्याच तुकड्यातल्या पेंढ्यावर तिच्या म्हशी जगत.

 भिवाला रडू आवरेना. "काकी, मी दीड करवंटी भाकरी खात बसलो होतो गं."

"ठाऊक आहे. म्हशी पिळताना दिसत होतास."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"पान टाकलं तेव्हा बोलले होते की," काकी म्हणाली आणि नासलेल्या दुधाची होडी सोडवायला निघाली.

पुढची तीन वर्षं भिवाने आपल्या शेतातला पेंढा काकीच्या गोठ्यात नेऊन टाकला. तिचं दूधही तोच बंदरात पोचवू लागला, काकीच्याच वेळेला, पाणी कुठेही चाललेलं असो. रोज घाट सोडला की तो एक पान पाण्यात टाकी आणि वल्ही मोजी. वर्षभर सहाच व्हायची. मग कधीतरी पाच झाली, पण ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

"काय भिवा, घाट ते उघाडी एकच करवंटी ना?" बंदरातले लोक अजून विचारत.

"आधी पाणी कुठे चाललंय ते सांगा," भिवा म्हणायचा, "मग सांगतो."

तात्पर्य इतकंच: पाण्याची साथ वजा करून जो उरतो तोच आपला वेग, आणि दुसऱ्याला शब्द द्यायचा तो त्याच वेगाच्या भरवशावर.