आत्याचा सांडवा

निंबळोलीत तारणी नदीचे पात्र जिथे रुंद होते, तिथे या काठापासून त्या काठापर्यंत मोठमोठे दगड टाकलेले दिसतात. दगडांवरून नदी ओलांडायच्या या वाटेला आत्याचा सांडवा म्हणतात. वरच्या अंगाला पक्का पूल आहे, तरी या दगडांना गाव हात लावू देत नाही. पाहुण्यांनी कारण विचारले की गावातली वयस्कर मंडळी त्यांना काठावर बसवून घेतात आणि सांगू लागतात.

फार पूर्वी अलीकडच्या काठावर, देवळाच्या ओवरीत, विसोपंतांची शाळा भरत असे. पंत विद्वान, पण भित्रे. बाहेरगावची पोरे तिथेच राहत, आणि पंतांची विधवा बहीण चिमा त्यांना रांधून घाली. सगळी तिला आत्या म्हणत. पलीकडच्या काठावर कुंभारवाडा होता. त्या वर्षी पाटलाने आपल्या घरासाठी कुंभारांकडे वेठीने कौले मागितली. "आमचीच घरं गळतायत, आधी ती शाकारू," असे कुंभार म्हणाले. पाटलाला ते झोंबले. भाद्रपदात कुंभारवाड्यात तापाची साथ आली, तेव्हा त्याने पलीकडे जायची एकुलती नाव ओढून काठावर उपडी घातली आणि दवंडी पिटवली, की पलीकडे अन्नपाणी नेईल तो वाळीत.

गाव गप्प बसले. चिमाही आधी गप्पच होती असे सांगतात. पण एके सकाळी घाटावर पाणी भरताना तिच्या ध्यानात आले, की पलीकडे एकाही घरातून धूर निघत नाही. ती माघारी गेली, पोरांसाठी केलेल्या पेजेचे मडके डोक्यावर घेतले आणि सरळ पाण्यात उतरली. मधल्या धारेत तिचा पाय सुटला. मडके वाहून गेले. तीही गेली असती, पण मागोमाग आलेल्या पोरांनी उड्या टाकून तिला ओढून काढले.

ओल्या लुगड्यानिशी ती काठावर बसली. दम परतला तशी म्हणाली, "नाव नाही ना? मग वाट करू. आणा रे दगड."

पोरांनी अंगरखे काढले. कोणी दगड ढकलत आणले, कोणी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ते बसवले. आत्या बसवलेल्या दगडावर उभी राहून पुढची जागा दाखवत होती. निम्मी वाट झाली तोवर पाटील येऊन ठेपला.

"चिमाबाई, हे थांबवा. नाहीतर ओवरीतली शाळा आजच बंद!"

"ओवरी तुमची असेल पाटील, शाळा नाही," ती म्हणाली. "शेजारी उपाशी मरताना जी पोरं पाठांतर करतील, त्यांना शिकवून तरी काय करायचंय?"

पाटील पंतांकडे वळला. "पंत, बहिणीला आवरा!"

पंत ओवरीत गेले. आता ते आतच बसून राहणार, असेच चिमाला वाटले. पण पंत बाहेर आले ते पोथ्यांचे गाठोडे डोक्यावर घेऊन. पाटलाच्या समोरून ते पहिल्या दगडावर चढले. "आवरलं," ते म्हणाले. "निघालो आम्ही."

दुपारी वाट पुरी झाली. कुंभारवाड्यात घरोघर माणसे निपचित पडलेली होती. पोरांनी शाळेचा शिधा नेऊन चुली पेटवल्या, पेज भरवली, अंगे पुसली. म्हातारा राघोजी कुंभार तेवढा वाचला नाही. त्याला खांदा पोरांनीच दिला. ते बघून गावातल्या बायका भाकऱ्या घेऊन सांडव्यावर आल्या, मागून त्यांचे नवरेही आले. पाटील काठावर उभा राहून नावे घेऊन दरडावत होता. शेवटी एक म्हातारी त्याला म्हणाली, "सगळं गावच वाळीत टाकलंस, तर पाटीलकी कुणावर करशील?" पाटील निघून गेला. शाळा मात्र ओवरीत परतली नाही. ती पलीकडेच, चिंचेखाली भरू लागली.

आजही पुराने दगड सरकतात. पाणी उतरले की शाळेतली मुले-मुली आधी ते जागेवर बसवतात आणि मग दोन्ही काठांवर घरोघर जाऊन विचारतात, "घरात कुणी आजारी, कुणी एकटं आहे का?" जिथे असेल तिथे ती पाणी भरतात, चूल पेटवतात. मागे एक नवे मास्तर आले होते. त्यांनी मुलांना हटकले, "कुणाला विचारून चाललात?" एक मुलगी चालता चालता म्हणाली, "याला विचारावं लागत नाही, सर. तुम्हीपण चला."